पाचव्या संडासाची किल्ली

लालबाग-परळ भागात ज्या घरच्या कार्याला अजितचा माइक लागला नाही असं घर शोधायला निघालात, तर चपला झिजतील. चिंचपोकळी स्टेशनाच्या अलीकडे एका गाळ्यात तो आणि रमाकांत मिळून साउंड सर्व्हिस चालवतात. रमाकांत गिऱ्हाइकाशी बोलतो, अजित मशीनशी. कार्यक्रम सुरू झाला की अजितने मिक्सरपाशी जी मांडी घालायची, ती शेवटची खुर्ची उचलेपर्यंत. एकदा एका लग्नात नवऱ्या मुलाचे मामा माइक धरून उभे राहिले आणि गावाकडच्या एकेका पाहुण्याचं नाव घ्यायला लागले. जेवणं खोळंबली, आचारी येऊन बघून गेला. मामांच्या हातातून माइक घ्यायची कोणाची छाती नव्हती. अजितने काय करावं? आवाजाचा नॉब केसाकेसाने मागे घ्यायला लागला. इतका हळू, की मामांना वाटलं आपलाच घसा बसला. ते आपणहून खाली बसले, पाणी प्यायले, आणि पंगत बसली. असा हा माणूस. स्वतः बोलायचा कमी, आणि दुसऱ्याचं बोलणं कुठं थांबवावं हे बोटांनी जाणायचा.

त्याच्या पोटाचं दुखणं सुरू झालं तेव्हा चाळीने रीतसर ताक पाजलं, बेलफळ खिलवलं, नजर काढली. मग रक्त पडायला लागलं आणि परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नाव कळलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, बऱ्या होतात, परत होतात. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तोंड पुरीसारखं फुगलं, तर जिन्यात भेटणारे म्हणायचे, तब्येत सुधारली हं. नम्रता, त्याची बायको, वर बघून नुसतं हसायची. रात्रभर तिने दाराची कडी किती वेळा वाजताना ऐकलेली असायची ते तिचं तिलाच ठाऊक.

कडी वाजायची, कारण संडास घरात नव्हता. आता हे नीट सांगायला हवं, सगळी गोष्ट तिथंच अडकली आहे. त्यांच्या मजल्यावर वीस खोल्या आणि गॅलरीच्या टोकाला पाच संडास. एका संडासाला चार बिऱ्हाडं. दाराला कुलूप, आणि चार घरांत चार किल्ल्या. दुसऱ्याच्या संडासाची किल्ली मागणं म्हणजे त्याच्या ताटातली भाजी मागण्यासारखं. पाहुणा आला तरी आपलीच किल्ली द्यायची. पोरीचं लग्न ठरवताना आईबाप आधी जाऊन किल्लीचे भागीदार कोण ते बघून यायचे, असं जुनी माणसं सांगतात.

हे चार-चारचं गणित पहिल्यापासून नव्हतं. अजितच्या आजोबांच्या, राजारामच्या काळात मजल्यावर दोन घरं बौद्धांची, त्यातलं एक त्याचं, आणि त्या दोन घरांनी जायचं ते पाचव्या संडासात. कोणी पाटी लावली नव्हती. लावायची गरजच नव्हती. राजाराम गिरणीत होता, धिप्पाड, बोलायला गोड. एके सकाळी तो टमरेल घेऊन पहिल्या संडासाच्या रांगेत उभा राहिला. पुढचा पुढे गेला, मागचा मागेच राहिला, मधे भलंमोठं अंतर पडलं. राजारामने ते अंतर बघितलं आणि मागच्याला म्हणाला, दादा, एवढी जागा सोडलीत, खाट टाकू का? कोणीतरी हसलं. हसणाऱ्यावर बाकीचे चिडले. संध्याकाळी बैठक बसली, ती तीन रविवार चालली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. राजारामच्या वाट्याला दुसरा संडास आला, आणि ती किल्ली त्याने शर्टाला लावून गिरणीत नेली, दिवसभर मिरवली. ही हकिकत अजितच्या आईने, मायाने, सून म्हणून घरात आल्या दिवशी सासऱ्यांच्या तोंडून ऐकली, आणि पुढे ती दरवर्षी एकदा तरी कोणाला ना कोणाला सांगत आली.

तर अजितचं दुखणं वाढलं आणि दुसऱ्या संडासाबाहेर तिघा भागीदारांची रांग लागायला लागली. आत हा घामाघूम. कोणी काही बोललं नाही, पण बादल्या जमिनीवर ठेवल्याचे आवाज जरा मोठे यायला लागले. तेव्हा पुढाकार घेतला तात्यांनी. तात्या शेजारचे, मालवणकडचे, सगळा जन्म विणाईखात्यात गेलेला. मागांच्या खडखडाटात कानांचं पार भुस्काट झालं होतं. ते पाचव्याचे भागीदार. पाचवा कोपऱ्यात, आत नळ, बाहेर कोणी दार ठोठवायला उभं राहत नाही. तात्यांनी आपल्यासकट चार घरांच्या चारही किल्ल्या गोळा केल्या आणि आणून अजितच्या ओंजळीत घातल्या. म्हणाले, “बस हंय, किती वेळ बसाचा ता.” ती चार घरं इतरांच्या किल्ल्यांवर वाटून गेली.

मायाने किल्ल्या बघितल्या. “पाचवाच मिळाला होय?” एवढंच ती म्हणाली आणि भाताकडे वळली. तात्यांचं मन साफ होतं हे तिला दिसत होतं. पण लेकाने पुन्हा वेगळ्या संडासात जायचं, आणि तेही त्याच, हे तिच्या घशाखाली उतरेना. ती स्वतः एकदाही त्या दाराकडे गेली नाही.

पुढे गोळ्या थकल्या आणि ऑपरेशन झालं. मोठं आतडं अख्खं काढलं. लहान आतड्याचं टोक दुमडून, शिवून आत एक पिशवी केली, मोठ्या आतड्याचं काम तिने करायचं. ती शिवण भरून येईपर्यंत पोटावर दुसरी, बाहेरची पिशवी. ती नम्रताने सांभाळली, मोरीत, पडदा ओढून, गाणं गुणगुणत, म्हणजे त्याला लाज वाटू नये. काही महिन्यांनी बाहेरची पिशवी गेली, पोटावरचं भोक शिवलं, आणि अजित आतल्या पिशवीवर चालायला लागला. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागे, पण सांगून, सवडीने. रक्त नाही, धावाधाव नाही. मिक्सरपाशी त्याची मांडी पुन्हा बसली.

आणि मग त्याने ती गोष्ट केली. माइकवाल्यालाच सुचेल अशी.

सव्वीस जानेवारीला चाळीच्या पटांगणात झेंडावंदन असतं. माइक अजितचाच, फुकट. दरवर्षी तो फक्त हॅलो-हॅलो करून बाजूला व्हायचा. त्या वर्षी झेंडा फडकल्यावर, मुलांना खाऊ वाटायच्या आधी, त्याने माइक स्वतःच्या तोंडाशी धरला. म्हणाला, मोठं आतडंच काढून टाकलंय, आता आजार राहणार कुठं? लोक हसले. मग त्याने खिशातून चार किल्ल्या काढल्या आणि एकेका घराचं नाव पुकारून परत दिल्या. आपण दुसऱ्या संडासाचे भागीदार होतो, तिथंच परत जातोय, असंही बोलला. टाळ्या पडल्या. पेढे वाटले. माया खुर्चीवर पुढच्या रांगेत बसली होती. तिने डोळ्याला पदर लावला, आणि ती का रडते हे चाळीतल्या अर्ध्या लोकांना कळलं, अर्ध्यांना नाही. कर्ण्यातून हे सगळं थेट रस्त्यापर्यंत ऐकू गेलं होतं.

पावसाळ्यानंतर तात्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. उकिडवं बसणं संपलं. मग पाचव्या संडासात कमोड बसवला, बाकीच्या तिघांनी आपण होऊन किल्ल्या तात्यांना दिल्या. मजल्याला आता सवय झाली होती म्हणा.

दिवाळी झाली, लग्नं सुरू झाली, आणि अजितच्या पोटात पुन्हा कळ आली.

आधी त्याने वडापाववर ढकललं. मग पाण्यावर. मग जाणं वाढलं, सवड गेली, अंगात कणकण राहायला लागली. एका पहाटे रक्ताची रेघ दिसली. तो ती बघत उभा राहिला. मिक्सरचा मुख्य नॉब शून्यावर नेला की मीटरचा काटा डावीकडे पडून राहतो, तसं त्याचं झालं. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. त्याने पाणी ओतलं, दाराला कुलूप लावलं, घरी येऊन चहा प्यायला. नम्रताने विचारलं, साखर बरोबर आहे का? त्याने हो म्हटलं. चव कळली नव्हती.

त्याच्या डोक्यात हिशेब सरळ होता. आजार परत आला. मोठं आतडं काढून झालंय, आता काढायला राहिली ती आतली पिशवी. ती काढली की पोटावरची पिशवी, या खेपेला कायमची. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यानेच ठरवलं होतं, आणि ठरवलेलं खरं होईल म्हणून तो डॉक्टरांकडे जात नव्हता. आणि दुसऱ्या संडासाबाहेर बादल्या पुन्हा वाजायला लागू नयेत म्हणून घरीही कमीत कमी जात होता.

मग सुरू झालं बाहेरचे संडास शोधत फिरणं. पूर्वीच्या दिवसांतलं ज्ञान कामाला आलं. कुठल्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कोणी अडवत नाही, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या कुठल्या मॉलमध्ये पहारेकरी बॅग बघून सोडतो, सगळं त्याला पाठ होतं. एका मॉलचा पहारेकरी तर त्याला ओळखायला लागला, सलाम ठोकायचा. त्याला वाटायचं हा मोठा गिऱ्हाईक आहे, रोज येतो. हॉलची ऑर्डर आली की रमाकांत विचारायचा स्पीकर किती न्यायचे, आणि अजित विचारायचा स्टेज कुठल्या बाजूला. रमाकांतला वाटे, आवाजाचा अभ्यास चाललाय; हा मोजत असायचा संडासापर्यंतची पावलं. आदल्या दिवसापासून अजित जेवायचाच नाही. कामाला जायचा, वायरी सोडवायचा, वायरी गुंडाळायचा. कोणी विनोद केला तर इतरांच्या पाठोपाठ हसायचा. घरी मायाने एकदा विचारलं, हल्ली तू रेडिओ का लावत नाहीस? तो म्हणाला, लावला काय, न लावला काय.

दादरच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. वधूवर पांढऱ्या कपड्यांत स्टेजवर, भन्तेजी त्रिशरण द्यायला लागले, सगळा हॉल उभा. एरवी अशा वेळी अजितची बोटं नॉबवरून हलत नसत. पण त्याला उठावंच लागलं. तो आत असताना कोणीतरी माइक स्पीकरच्या तोंडाशी सरकवला आणि स्पीकरने शिटी मारली. लांबलचक, कान फाडणारी. बंद करायला कोणी नाही. बंद दाराआड बसून अजित ती ऐकत राहिला. कुठला स्पीकर बोंबलतोय, कुठला नॉब किती मागे घ्यायचा, सगळं त्याला बसल्या जागी कळत होतं. लाज वाटेल अशी तो वाट बघत होता. ती आली नाही. शिटी मात्र चालूच होती.

रमाकांतने तोपर्यंत मुख्य वायर खेचली होती. पुढची वंदना बिनमाइकची झाली. टेम्पोत सामान भरताना त्याने विचारलं, काय झालं? फ्यूज, अजित म्हणाला. रमाकांतने त्याच्याकडे बघितलं, मग कमरेला बांधलेल्या स्वेटरकडे बघितलं. डिसेंबरातही मुंबईत स्वेटर कोण नेतो? पण तो जुना मित्र, त्याने स्वेटरवर काही विचारलं नाही. संध्याकाळी नम्रताला फोन तेवढा केला.

नम्रताला फोनची गरज नव्हती. तिने गाळ्याच्या मागच्या दोरीवर नवऱ्याच्या विजारी वाळत घातलेल्या बघितल्या होत्या, त्याने स्वतःच्या हाताने धुतलेल्या. तो कधी सांगतो याची ती वाट बघत होती. त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता, मान वर न करता तिने विचारलं, “उद्या जायचं की परवा?”

“कुठं?”

“अहो, मी पिशव्या बदलल्यात तुमच्या. मला ‘कुठं’ विचारता?”

दुसऱ्या दिवशी दोघं परळला गेली. डॉक्टर बाई नेहमीच्याच, त्यांनीच त्याला ऑपरेशनपर्यंत आणलं होतं. त्यांनी दुर्बीण घालून आतली पिशवी बघितली. मग कागदावर इंग्रजी ‘J’ अक्षरासारखी आकृती काढून दाखवली. पिशवी सुजली होती, लाल झाली होती. याला पाउचायटिस म्हणतात, त्या म्हणाल्या. आतली पिशवी केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी होतो. याला जुना आजार परत आला असं म्हणायचं नाही, हे पिशवीचं स्वतःचं दुखणं. अँटिबायोटिक दोन आठवडे, बहुतेकांना तेवढं पुरतं. काहींना पुन्हा होतं, मग जास्त दिवस द्यावं लागतं. आणि बाहेरची पिशवी? नम्रताने विचारलं. ती फार थोड्यांना लागते, बाई म्हणाल्या, सगळे उपाय हरल्यावर. पण हे असं दाबून, उपाशी राहून, लपवून ठेवलं तर शरीर सुकतं आणि सूज मुरते. मग त्या अजितकडे वळल्या. पाणी प्यायचं, जेवायचं, आणि लागलं की जायचं, रोखून धरायचं नाही. घराजवळ सोय आहे ना?

अजित म्हणाला, आहे.

बाहेर आल्यावर नम्रता रडली, सुटल्यासारखी. एका हाताने डोळे पुसत दुसऱ्या हाताने तिने शहाळी सांगितली. अजितने शहाळं प्यायलं. आपलं गणित चुकलं होतं, पिशवी जाणार नव्हती, हे त्याला समजलं. समजलं एवढंच. काटा डावीकडेच पडलेला होता. गोळ्या सुरू झाल्यावर तोंडात तांब्याचा तुकडा ठेवल्यासारखी चव आली, ती दिवसरात्र. तेवढी एक गोष्ट मात्र त्याला जाणवत होती.

पण गोळ्या काही एका दिवसात काम करत नाहीत. रोखून धरायचं नाही, हे बाईंचं वाक्य घेऊन तो घरी बसला, आणि गॅलरीच्या टोकाला दुसऱ्या संडासाबाहेर सकाळची रांग. त्याच्या पलीकडे, कोपऱ्यात, पाचवा. कुलूपबंद, रिकामा. तात्या दिवसातून दोनदा जाणार. किल्ली त्यांच्या जानव्याला.

नम्रता म्हणाली, मी जाऊन मागते. तो नको म्हणाला. ती म्हणाली, मग तुम्ही मागा. अडचण अशी, की तात्यांकडे हळू आवाजात काही मागता येत नाही. त्यांना उधार साखर मागितली तरी खालच्या पानवाल्याला कळतं. तात्यांशी बोलायचं म्हणजे मजल्याशी बोलायचं, आणि मजल्याला त्याने कर्ण्यावरून सांगून ठेवलं होतं, आजार राहणार कुठं? शिवाय आत आई बसलेली. जी किल्ली परत देताना ती रडली, ती आता ओरडून मागायची.

तिसऱ्या सकाळी पोटाने त्याला उठवलं. दुसऱ्याबाहेर दोघं उभे. आतल्याची बादली भरतेय. अजित भिंतीला धरून चालत तात्यांच्या दारापाशी आला. तात्या खुर्ची टाकून दाढी करत होते.

“तात्या, किल्ली देता?”

तात्यांनी अर्धा फेस पुसला आणि कान पुढे केला.

“पाचव्याची. किल्ली.”

“मोठ्यान बोल रे. माइकवालो ना तू?”

रांगेतले दोघं वळून बघायला लागले. समोरच्या खोलीचं दार किलकिलं झालं. अजितने श्वास घेतला. आणि आयुष्यभर लोकांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या त्या माणसाने स्वतःचा सोडला.

“मला परत झालंय, तात्या. आतल्या पिशवीला सूज आलीय. मला थांबवत नाही. पाचव्याची किल्ली पाहिजे.”

खाली कोणीतरी भांडी घासायची थांबली. तात्यांनी वस्तरा खाली ठेवला, जानवं पुढे ओढलं, किल्ली सोडवायला लागले. साबणाची बोटं, गाठ सुटेना.

“मगे इतके दिवस तोंडात काय घातलं होतंस? सांगूक काय झाला तुका?” मग आवाज तोच ठेवून, म्हणजे पानवाल्यालाही कळेल असा, “माझे गुडघे वाजतत तां मी सांगतंय मां सगळ्यांक?”

रांगेतला एकजण हसला. अजित किल्ली घेऊन गेला.

तो परत आला तेव्हा माया गॅलरीत उभी होती. एका हातात हातोडी, दुसऱ्यात खिळा. तिने लेकाच्या हातातून किल्ली घेतली आणि तात्यांकडे बघून, तात्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तात्यानू, ही तुमच्या गळ्यात नको, आणि आमच्या घरात पण नको.” दोघांच्या दारांच्या मधल्या भिंतीवर, हाताला येईल अशा उंचीवर, तिने खिळा ठोकला. ठोकताना थोडा गिलावा पडला. किल्ली अडकवली. “ज्याला थांबवत नाही त्याने काढायची. कोणी का असेना.” मग रांगेतल्या दोघांकडे वळून, “तुम्हीसुद्धा. पण खरंच थांबवत नसलं तर.”

एवढं झाल्यावर तिने स्वतःच किल्ली काढली, बादली घेतली आणि पाचव्याकडे निघाली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. नम्रता दारातून बघत राहिली. अजितही बघत होता. त्याला तोंडात काहीतरी खारट आल्यासारखं वाटलं, पण ती गोळ्यांचीच चव असेल असं समजून त्याने पाणी प्यायलं.

सूज उतरते आहे. पुन्हा येणार नाही असं बाईंनी म्हटलेलं नाही आणि त्यानेही या खेपेला माइकवर काही जाहीर केलेलं नाही. अजून तो सगळ्यांच्या मागून हसतो. रेडिओ मात्र एक दिवस लावला होता, बातम्यांपुरता. सकाळी मात्र अडचण होते. खिळ्यावर किल्ली दिसली नाही की तात्या काठी टेकत जाऊन पाचव्याच्या दारावर काठी आपटतात, आत कोण आहे ते विचारतात. आतून अजितने कितीही मोठ्याने सांगितलं तरी त्यांना ऐकू येत नाही. म्हणून तो आता बोलतच नाही, आतून दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारतो. तात्या बाहेरून तळहात टेकवून उभे असतात, पूर्वी माग नीट चाललाय का ते बघायचे तसे. हाताला थाप कळली की म्हणतात, अजित आसा, बसूंदे. आणि काठीवर हनुवटी ठेवून आपली पाळी येईपर्यंत थांबतात.